वरचे पन्नास

"वरचे पन्नास, मॅडम."

भरलेला सिलिंडर दारात टेकवून फुरकान धापा टाकत उभा होता. मनालीने पावतीवर बोट ठेवलं.

"घरपोच लिहिलंय यात. त्याचे पैसे भरलेत मी."

"लिफ्ट नाय ना तुमच्याकडे. तीन माळे चढवला. सगळेच देतात." त्याने फोन उलटा करून मागे चिकटवलेला क्यूआर कोड दाखवला. "सुटे नसले तर यावर करा."

त्या कोडनेच तिचं डोकं फिरलं. हल्ली जो तो मागतच होता. जेवण दारात यायच्या आधी फोन विचारायचा, किती बक्षिसी देणार. पार्लरमध्ये आरशाखाली डबा ठेवलेला. गडब गावाजवळ हायवेवरच्या हॉटेलात नुसता चहा घेतला तरी वेटर बडीशेपेची बशी पुढे करून हलायचा नाही. काम करण्याचा पगार वेगळा आणि केल्याचा वेगळा? तिने दार लावलं आणि उभ्या उभ्या फोनवरूनच गॅस एजन्सीकडे तक्रार केली.

"पाणी तरी विचारायचंस गो," गॅलरीतून पुंडलिक म्हणाले.

पुंडलिक तिचे बाबा. आई गेल्यावर पेणचं घर बंद करून रोह्याला तिच्याकडे राहायला आले होते. शेजारीपाजारी तिने सांगून ठेवलं होतं, बाबा कंपनीत होते. कोणी विचारलं की तेही मान हलवायचे. "व्हय, कंपनीत."

पाण्याचा तांब्या घेऊन ते जिना उतरले. बऱ्याच वेळाने वर आले.

"पैसे दिलेत ना त्याला?"

"पाणी दिलं."

"तक्रार केलीय मी त्याची."

ते दारातच थांबले. "मागे घे गो. गाडीवरून उतरवतील त्याला."

"उतरवू देत. ही सरळ सरळ भीक झाली, बाबा."

पुंडलिक आत आले. सिलिंडर जरा कलता करून एका हाताने गोल फिरवत त्यांनी तो स्वयंपाकघरात नेला. तोंडाशी पाण्याचा थेंब सोडला, बुडबुडा येत नाही ना पाहिलं. मग चहा टाकला. तिच्यासाठीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने मागितले. लाकडं रचणाऱ्यानेही मागितले. "खुशीने द्या, ताई." कसली खुशी? तिने दोघांच्याही तोंडाकडे न बघता नोटा पुढे केल्या.

तेरावं झालं आणि एजन्सीतून फोन आला. तक्रारीवर तिची सही हवी होती.

एजन्सीच्या मालकांची, कमळाकरशेठची केबिन थंडगार होती. कोपऱ्यात फुरकान उभा होता. खांद्यावर गोणपाटाची घडी. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली. मनालीची नजर तिथून हलेना.

"इथे सही करा, मॅडम. आजच घरी बसवतो," शेठ म्हणाले. "भिकारी लेकाचे. दारोदार हात पसरून माझं नाव घालवतात."

"पगार किती देता यांना?"

शेठ हसले. "पगार कसला! सिलिंडरमागे थोडंफार. वरचं लोक देतातच की. ते धरूनच ठरवलंय ना आम्ही."

"म्हणजे यांचा पगार लोकांनी द्यायचा. आणि यांनी तो मागितला की तुम्ही यांना काढून टाकणार."

शेठ हसायचे थांबले. फुरकान मात्र घाईघाईने पुढे आला. त्याने पन्नासाची नोट टेबलावर ठेवली.

"भांडू नका, मॅडम. हे परत घ्या. त्या दिवशी बाबांनी जिन्यात दिलेले. नको नको म्हटलं, पण खिशात कोंबले त्यांनी. माझा खांदा दाबून बघितला. म्हणाले, एकाच खांद्यावर घेऊ नको रे, बदलत जा. चाळिशीनंतर हात वर जात नाय." तो ओशाळून हसला. "त्यांना सांगा, बदलतो आता."

मनालीने नोट उचलली. पेणला आठवीत असताना ती एका मैत्रिणीकडे अभ्यासाला बसली होती. दारातून असाच धापा टाकणारा आवाज आला होता, "वरचे द्या ना, ताई." मैत्रिणीने विचारलं होतं, "तुझ्याकडे का बघतोय गं तो? ओळखतेस?" ती वहीत मान घालून "नाही" म्हणाली होती.

"कोण हे बाबा?" शेठने विचारलं.

तिने नोट फुरकानच्या हातात परत ठेवली. त्याची मूठ मिटेपर्यंत धरून राहिली.

"माझे वडील. कंपनीत नव्हते ते. पेणला सव्वीस वर्षं सिलिंडर वाहिले त्यांनी. दारोदार वरचे मागून मला शिकवलं."