काठावरची पहिली रांग

"लाल फुली पुसायची नाही," तलाव-संरक्षण खात्याच्या अधिकारी बाई म्हणाल्या. "निर्णय होईपर्यंत तरी नाही."

ओव्हरसियरांनी हातातला बोळा खाली ठेवला. फुली त्यांच्या धाकट्या बहिणीच्या दारावर होती. तलावाकाठच्या पहिल्या रांगेतल्या प्रत्येक घरावर तशीच एकेक फुली मारलेली होती. नैसर्गिक तलावाच्या काठाला लागून बांधकाम राहू द्यायचे नाही, असा नियम होता. बाईंच्या पाहणीत हा नियम लागू ठरला, तर ती सबंध रांग पाडली जाणार होती.

बांधकाम खात्यातून निवृत्त झाल्यापासून ओव्हरसियर वस्तीचे अध्यक्ष होते. त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. नातवंडेसुद्धा 'ओव्हरसियर आजोबा' म्हणत.

"दादा, त्यांना आत तरी येऊ दे," बहीण दारातून म्हणाली. "घर पाडायला आल्या असल्या, तरी पाहुण्याच आहेत."

"पाडायला नाही, बघायला आलेय, ताई."

"मग बघा की. बघण्यासारखंच आहे."

होतेच. घराच्या मागच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या. वस्तीतले प्रत्येक पोर नीट धावू लागण्याआधी पोहू लागे. दोन शेजाऱ्यांत भांडण झाले, तर त्यांना एका होडीत बसवून तलावाच्या मध्यावर सोडून देण्याची रीत होती. वल्हे मात्र प्रत्येकाला एकच देत. दोघांचे हात जुळेपर्यंत होडी जागच्या जागी गोल फिरत राही आणि काठावरचे लोक टाळ्या पिटत. या रीतीमुळे वस्तीतला एकही तंटा आजवर कचेरीची पायरी चढला नव्हता.

"तलाव सुंदर आहे," बाई म्हणाल्या. "म्हणून तर तो सांभाळायचा."

"सांभाळा. पण बाई, आमची घरं तलावात आलेली नाहीत. तलाव आमच्या घरांतून निघालाय."

बाईंच्या भुवया उंचावल्या. ओव्हरसियरांनी त्यांना भिंतीपाशी नेले. काळ्या दगडात एक उभी, अर्धगोल खोबण होती. त्यांनी तिच्यात एक गोल सळई टेकवली. ती चपखल बसली.

"ही सुरुंगाची खूण. दगडाला भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची. बार उडाला, की दगड भोकातूनच दुभंगतो. अर्धं भोक या दगडावर राहिलं. उरलेलं अर्धं दाखवतो, चला."

बहिणीने होडी सोडली. उन्हाळ्याने पाणी उतरले होते. पलीकडचा कडा उघडा पडला होता आणि त्याच्या अंगावर तशाच खोबणींची रांगच्या रांग होती. ओव्हरसियरांनी तीच सळई कड्याच्या खोबणीत टेकवली. तेथेही ती चपखल बसली.

"ही दगडखाण होती," ते म्हणाले. "आमचे आजे-पणजे इथं दगड फोडायचे. त्याच दगडांची त्यांनी ही घरं बांधली. एक दिवस तळाशी झरा फुटला आणि खाण बुडाली. मालक पळाला, माणसं राहिली."

"मालकाला पोहता येत नव्हतं ना," बहीण वल्हे मारता मारता म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कड्याच्या खोबणीतून बोट फिरवून पाहिले.

काठावर सारी वस्ती जमली होती. होडी टेकताच कुजबुज थांबली.

"म्हणजे हा नैसर्गिक तलाव नाही," बाई म्हणाल्या.

"नाही."

"तलावच नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"तलाव आम्ही लाडानं म्हणतो. खरं म्हणाल तर खड्डा. पाणी साचलेला खड्डा."

"साहेब, नीट विचार करून सांगा. मी लिहिलं, की ते कायम झालं."

"विचार करून करूनच टक्कल पडलंय, बाई. लिहा."

"खड्डा लिहिलं, की तो माझ्या खात्याकडे राहत नाही."

"न राहो! तुमच्या खात्यातून सुटलो, की आम्ही जिंकलो."

काठावर हशा पिकला. बाईंनी आणखी काही बोलायला तोंड उघडले. मग समोरचे आनंदलेले चेहरे पाहून मिटले. त्यांनी लिहिले, ओव्हरसियरांची सही घेतली आणि म्हणाल्या, "घरं राहतील."

पुढचा गलका पलीकडच्या कड्यावर आदळून परत आला. वस्तीने ओव्हरसियरांना उचलले.

"अरे, चष्मा तेवढा काढू द्या!" ते ओरडले.

चष्मा बहिणीने काढून घेतला आणि ओव्हरसियर कपड्यांसकट पाण्यात गेले. त्यांच्यामागून न्हाव्याने उडी घेतली, शिंपिणीने घेतली, सात जन्माचे वैरी म्हणून गाजलेले दोघे साडू हातात हात घालून पडले. ओव्हरसियरांचे डोके वर येताच न्हावी ओरडला, "ओव्हरसियर बुडाले, वस्ती तरली!" बहीण पायरीवर बसून हसता हसता रडत होती. चहासाठी सर्वांनी आग्रह केला, पण बाई थांबल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी ओव्हरसियर बहिणीच्या दारावरची फुली घासून काढत होते. लाकूड पुन्हा स्वच्छ दिसू लागले होते. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी इंजिनांची घरघर ऐकू आली. मुरमाने शिगोशिग भरलेले डंपर एकामागे एक येऊन उभे राहिले. पहिल्याचा ड्रायव्हर खाली उतरला आणि अदबीने पुढे आला.

"आजोबा, आम्ही खड्डे बुजवायच्या कामावरची माणसं. पाणी साचलेला एक खड्डा इथंच आहे म्हणाले." त्याने सकाळच्या उन्हात लखलखणाऱ्या पाण्यावरून नजर फिरवली आणि डोके खाजवले. "पण इथं तर मला तलावच दिसतोय."