अजून थोडी हवा

गाडीच्या चाकांना ब्रेकचे नवे कॅलिपर बसवून झाले, पण ब्रेकच्या नळीतली हवा काढायची तर पेडल दाबायला दुसरं माणूस हवं. गॅरेजमध्ये होते फक्त बाबा. अर्धांगवायूनं उजवा पाय लुळा पडल्यापासून "मी आता काय कामाचा?" हे त्यांचं पालुपद झालं होतं.

"डावा धडधाकट आहे ना? त्यानं दाबा," म्हणत लेकीनं त्यांना धरून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि स्वतः पाना घेऊन चाकाशी बसली.

"दाबा, बाबा!"

"दाबलंय! मला ब्रेक शिकवतेस? तुझ्या हातात पाना कोणी दिला गं?"

कितीतरी दिवसांनी त्यांचा असा चढा आवाज ऐकून तिला हसू आलं. दाबा, धरा, सोडा असं दहा-बारा वेळा झालं, तेव्हा कुठे बुडबुडे थांबून नुसतं स्वच्छ तेल आलं. हात पुसत ती उठली, दारातून आत डोकावली आणि थबकली. बाबा डाव्या पायाची मांडी घालून ऐटीत बसले होते. पेडलवर उजवा पाय होता, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

ती गुपचूप पुन्हा चाकाशी जाऊन बसली. पाना उचलून म्हणाली, "अजून एकदा दाबा, बाबा. थोडी हवा राहिलीय."