नकोबाई

"चपला नकोत," नकोबाई म्हणाली.

"अहो, मग आईनं पायांत घालायचं काय?" शिंपीणबाई खवळल्या.

"आहेत त्याच. पट्टा तुटला तर शिवून मिळतो."

ऑफिसच्या मॅडमनी नवा जोड टेबलावरून उचलला आणि खाली ठेवला. कामाची रीतच तशी होती. एकट्या आईला किंवा बापाला मूल वाढवायला कमीत कमी काय लागतं, हे ऑफिसनं ठरवायचं नाही. ज्यांनी तसं घर ओढलंय त्या आठ जणींनी ठरवायचं. एकेक वस्तू टेबलावर यायची. आठही जणी 'हवीच' म्हणाल्या तर टोपलीत, एक जरी 'नको' म्हणाली तर खाली. टोपलीत उरेल त्यावरून अशा सगळ्या घरांची मदत ठरणार होती.

त्यामुळे भिंतीशी बसलेले साहेब भलतेच खुशीत होते. टोपली हलकी तर तिजोरी जड, एवढं गणित त्यांना पक्कं येत होतं.

'नकोबाई' हे नाव शिंपीणबाईंनीच पाडलं होतं. मूळची आठवी बाई आज उगवलीच नाही, तेव्हा मॅडमनी धावपळ करून या म्हातारीला आणून बसवलं होतं.

"कोण या?" साहेबांनी विचारलं होतं.

"आमच्या गल्लीत राहतात. एकटीनं संसार केलाय."

"ठीक. ऑफिसातल्या कुणाच्या नात्यातल्या माणसाचं मत बाद होतं, एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं."

"हो साहेब," म्हणून मॅडम कपबशा मांडायला वळल्या होत्या.

नकोबाईनं स्वतःबद्दल फार सांगितलं नाही. "लेक एकच. शिकली, मार्गी लागली." मग तिचा सपाटा सुरू झाला. आईचा स्वेटर नको, आईचा दातांचा दवाखाना नको. बोलताना दर वेळी उठून उभी राहायची आणि 'मॅडम' म्हणायची. मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. आपणच आणलेली बाई बाकीच्या सात जणींच्या पोटावर पाय देतेय, आणि त्या सात जणी आपल्याकडे बघतायत. वर बघायची सोय उरली नव्हती.

मध्येच मॅडमनी चहा वाटला. सात जणींपुढे दुधाचा, नकोबाईपुढे कोरा. चहा घेताघेताच पुढची वस्तू आली. मुलाचं दूध आधीच टोपलीत गेलं होतं. आता मॅडमनी दुसरं भांडं टेबलावर ठेवलं, आईच्या वाटचं.

"हवंच," शिंपीणबाई म्हणाल्या. "पोर झोपलं की मी मशीनवर बसते. उपाशी पोटी एकदा घेरी आली, तर सुई बोटातून आरपार गेली. हे तरी राहू दे, बाई."

बाकीच्याही 'हवंच' म्हणाल्या. सगळ्या नकोबाईकडे बघू लागल्या.

"नको," ती उठून म्हणाली. "आईला कशाला दूध? पोर विचारतेच, आई, तू का घेत नाहीस. सांगायचं, मला सोसत नाही, पोटात मुरडा येतो. दोनदा सांगितलं की पोर विचारायचीच थांबते. पुढे जन्मात विचारत नाही."

बायका हसल्या. प्रत्येकीनं कधी ना कधी अशी थाप मारली होती. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत.

"म्हणजे मुरडा येतच नव्हता?"

"कशाचा येतोय! दूध म्हणजे तर माझा..." नकोबाईनं जीभ चावली. "जुनं झालं ते, मॅडम. नको म्हणजे नको."

"चला, एक 'नको' आलं," साहेब म्हणाले. "भांडं खाली घ्या."

शिंपीणबाईंनी तोंड फिरवलं. मॅडमनी भांडं उचललं, पण खाली ठेवलं नाही. त्या टेबलाला वळसा घालून नकोबाईपाशी गेल्या. इतकी वर्षं हा कोरा चहा आपणच करून देत आलो, याची त्यांना लाज वाटत होती, आणि आज उजाडल्यापासून ओळख लपवली याची तर त्याहून जास्त.

"साहेब, यांची सगळी मतं बाद करा. चपलांपासूनची."

"का? काय झालं?"

मॅडमनी निवलेल्या कोऱ्या चहात दूध ओतलं. कप काठोकाठ भरला.

"पी आई," त्या म्हणाल्या, "सोसतं तुला."