माफीचा व्हिडिओ

पाटोद्याच्या एका लग्नात नवरीचं गंठण हरवलं. ते शिवगंगाबाईंनीच लांबवलं, असं सांगणारा व्हिडिओ त्यांच्या गल्लीतल्या सत्यमनं टाकला. गंठण दुसऱ्याच दिवशी गादीखाली सापडलं, पण व्हिडिओ फिरतच राहिला. शेवटी शिवगंगाबाईंनी तक्रार दिली. पोलिसांनी सत्यमला उचललं, कान धरून उठाबशा काढायला लावल्या, माफी मागायला लावली आणि त्याचाही व्हिडिओ करून टाकला. तो तर जिल्हाभर गेला. ओळखीच्यांनी शिवगंगाबाईंना फोन करकरून अभिनंदन केलं.

दोन दिवसांनी त्या परत ठाण्यात आल्या.

"साहेब, त्या पोराचा व्हिडिओ काढून टाका."

"काहून? तुमच्या बदनामीची भरपाई झाली की," हवालदार म्हणाले.

"त्याच्या आईचं दार बंदच हाय. पोरगं जेवंना म्हणत्यात."

"मग त्यांनी यावं तक्रार द्यायला. तुमी कशाला हेलपाटे घालता?"

शिवगंगाबाई बाकावर टेकल्या.

"ते न्हाई यायचे, साहेब," त्या म्हणाल्या. "माझी तर काई चूक नव्हती, तरी मला हितवर यायला चार महिने लागलते."