ड्रॅगनांची लिपी

१९९५ची सगळी सुट्टी तंजावुरात विनुता आणि तिचा आत्तेभाऊ श्रीकर एकाच गोष्टीवरून भांडत होते: श्रेष्ठ त्रयी कोणती? दोन्ही इंग्रजी, तिची ड्रॅगनांची, त्याची अंतराळयानांची.

"तुझ्या नायकाला तलवार तिसऱ्या भागात सापडते. पहिल्यातच नीट शोधली असती तर दोन पुस्तकांचा कागद वाचला असता," श्रीकर म्हणाला.

"तुझ्या तिन्ही भागांत मिळून एक माणूस हसत नाही. माझ्या ड्रॅगनांना स्वतःची भाषा आहे, लिपी आहे. मी पंधरा दिवसांत शिकले ती."

तेवढ्यात पुण्याहून पत्र आलं. विनुताला पाहून गेलेल्या, तिलाही मनापासून आवडलेल्या मुलाच्या घरचा निकाल त्यात होता. पत्र सगळ्यांच्या हातांतून फिरलं; घरात सगळे मराठी बोलत, पण शाळा तमिळ-इंग्रजीत झालेली, देवनागरी कुणालाच वाचता येईना. शेवटी शेजारच्या, हिंदी शिकवणाऱ्या तमिळ मास्तरांना बोलावलं. त्यांना मराठी कळत नव्हती, अक्षरं मात्र येत होती. ते अडखळत वाचू लागले. विनुता ती तुटक अक्षरं जोडत ऐकत राहिली.

 

"तीनशे वर्षं परमुलखात राहूनही तुम्ही मराठी जपलीत, म्हणूनच आमचा होकार."