एकशे बारा सह्या

१९९६ सालच्या ऑक्टोबरात उबाल्दिनाबाई चिलीतल्या सान्तियागो शहराच्या एका नगरपालिकेत एव्हारिस्तो नावाच्या कारकुनासमोर बसल्या होत्या. टेबलावर त्यांनी जमवलेल्या एकशे बारा सह्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी, मेट्रो स्टेशनाला लागून असलेल्या बंद वखारीच्या जागी सात मजली इमारत होणार होती. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. गल्लीत राहणाऱ्यांच्या शंभर सह्या भरल्या, तर ती थांबणार होती.

सह्या बाईंनी एका दिवसात मिळवल्या होत्या. अठरा सप्टेंबरला, स्वातंत्र्याच्या सणाला. त्या दिवशी गल्लीत मांडव पडतो, खिमा भरलेल्या करंज्यांच्या, एम्पनादांच्या पराती फिरतात, आणि गल्लीत वाढलेलं झाडून सगळं माणूस हजर होतं. "आपली गल्ली आपली राहिली पाहिजे," असं बाई म्हणाल्या की लोक हातातला चिचा दारूचा पेला खाली ठेवून, डोळे पुसून सही करत.

एव्हारिस्तो पत्ते वाचत होता. "पुएन्ते आल्तो." त्याने रेघ मारली. "माइपू." रेघ. "पुन्हा पुएन्ते आल्तो. बाई, ही माणसं शहराच्या पार टोकाला राहतात."

"राहू देत. आमच्या गल्लीतली आहेत. हा रामोन तर माझ्या दारात चालायला शिकला."

"आणि चालत माइपूला गेला?"

"लग्न झालं त्याचं! इथे खोली कुठे मिळते?"

एव्हारिस्तोने मान न उचलता रेघ मारली.

"अहो, जरा हळू," बाई म्हणाल्या. "माणसं आहेत ती."

"आहेतच. मी फक्त राहतात कुठे ते बघतोय."

शहात्तराव्या नावावर त्याची पेन्सिल थांबली. "यास्ना. आडनाव तुमचंच. ही तरी गल्लीतली?"

"लेक माझी," बाई म्हणाल्या. यास्नाच्या घरी पोचायला दोन बस आणि वर मेट्रो लागायची. नातीचे पुढचे दात पडल्याचं बाईंना फोनवर कळलं होतं. ते परत आल्याचंही.

एव्हारिस्तोने रेघ मारली. शेवटी नऊ सह्या उरल्या. पाच विधवा, तीन म्हातारे ब्रह्मचारी आणि बाई.

"बिऱ्हाडं किती आहेत त्या इमारतीत?" बाईंनी विचारलं.

"छप्पन्न."

बाईंनी कागद ओढून घेतले आणि घडी घालून पिशवीत कोंबले. "त्या बिऱ्हाडांसाठी नावं कुठल्या खिडकीवर घेतात?"

इमारत तीन वर्षांनी उभी राहिली. एव्हारिस्तो निवृत्त झाला आणि माइपूला भावाकडे राहायला गेला. रामोनने खालच्या मजल्यावर चपला दुरुस्तीचं दुकान टाकलं. लोक फार चालतात, म्हणून ते बरं चाललं. यास्नाला चौथा मजला मिळाला. आई दिवसातून दोनदा येते म्हणून तिने वर्षभरात दाराला दुसरं कुलूप बसवलं, आणि त्याची किल्ली आईने मागून घेतली. उबाल्दिनाबाईंच्या अंगणातलं ऊन मात्र इमारतीमुळे दुपारी तीनलाच जाऊ लागलं. त्याबद्दल त्या इमारतीला मरेपर्यंत शिव्या घालत राहिल्या, रोज संध्याकाळी, यास्नाच्या बाल्कनीत, उन्हात बसून.