लोण्यासारखा गाल

कोपऱ्यावरच्या स्टुडिओतल्या फोटोवाल्यांना एकच खोड होती: गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर काही म्हणून शिल्लक ठेवायचं नाही. मुरूम, वांग, सुरकुत्या, सगळं कॉम्प्युटरवर पुसून टाकायचे. दर वाढदिवसाला ते स्वतःचाही फोटो काढायचे, आणि तिथेही त्यांचा हात आवरायचा नाही.

"अहो, गालावरचा तीळ वाढतोय," बायको कानीकपाळी ओरडायची. फोटोवाले भिंतीवरच्या आपल्या फोटोकडे बोट दाखवायचे. "कुठाय तीळ?"

शेवटी तिने त्यांना ओढतच त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिलं.

"कडा वेड्यावाकड्या आहेत, रंगही एकसारखा नाही. हा वाढत असेल तर काढून तपासायला पाठवू, दिरंगाई नको. जुने फोटो आहेत का?"

फोटोवाल्यांनी मोठ्या ऐटीत, पुरावा म्हणून सोबत आणलेल्या पिशवीतून आजवरच्या वाढदिवसांचे फोटो काढले आणि टेबलावर मांडले. एकूण एक फोटोत गाल कसा लोण्यासारखा.

"यात तर तीळच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग वाढलाय की नाही, हे कळायचं कसं?"

बायकोने कपाळाला हात लावला. फोटोवाल्यांची ऐट उतरली. यंदाचा फोटो हातात घेऊन ते हळूच म्हणाले,



"पहिल्या वर्षी एका क्लिकमध्ये गेला होता. यंदा पुसता पुसता दुपारचं जेवण राहिलं."